बाहेरच्यांवरचा राग आणि प्रत्यक्ष मारहाण: पाथर्डी फाट्याच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीचे सचिव लिहितात: शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे. तिथे बिहार, झारखंड आणि बंगालचे मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. गेल्या महिन्यात सोसायटीतून दोन मोटारसायकली गेल्या, एका बंद फ्लॅटचं कुलूप तुटलं. तेव्हापासून ग्रुपवर रोज ‘यांना इथून हाकला’ चालू आहे. रविवारी सभा आहे, तिथे तसा ठराव येणार. चार-पाच तरुण म्हणतायत की ठराव कशाला, रात्री जाऊन समज देऊन येऊ. सचिवांना तीन गोष्टी हव्यात: हा राग एवढा खोल का आहे, रागातून मारहाण होणारच का, आणि त्यांनी स्वतः काय करावं.

मी आधी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत युनियनचं काम केलं, पुढे कामगार न्यायालयात वकिली. दोन्हीकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलोय. तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो सुटला की पहिल्याची धास्ती कमी होते.

राग असला म्हणजे मारहाण होतेच असं नाही. परप्रांतीयांबद्दल चार बरे शब्द बोलणारा माणूस नाशकात मला क्वचितच भेटतो. रिक्षावाले, निवृत्त मास्तर, भाजीवाल्या मावशी, आणि ज्याची तिन्ही शिफ्ट त्यांच्याच जिवावर चालते तो कारखानदारसुद्धा, सगळ्यांचा सूर एकच. तरीही वर्षानुवर्षं कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. मग एखाद्या आठवड्यात जातात. राग आदल्या आठवड्यातही तेवढाच होता. तेव्हा त्या आठवड्यात वेगळं काय झालं, हे विचारायला पाहिजे. आपण मात्र दर वेळी रागाचीच कारणं चघळत बसतो.

या फरकाचा बारकाईने अभ्यास झालाय तो दक्षिण आफ्रिकेत. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत बाहेरून आलेल्यांवर हल्ले सुरू झाले आणि दोन आठवड्यांत देशभर पसरले. झिम्बाब्वे आणि मोझांबिकचे मजूर, सोमाली दुकानदार यांच्या खोल्या आणि टपऱ्या जाळल्या, लुटल्या. ६२ माणसं गेली, हजारो बेघर झाली. पुढे तिथल्या विट्स विद्यापीठातल्या स्थलांतराच्या अभ्यासकांनी हल्ले झालेल्या आणि न झालेल्या वस्त्या शेजारी ठेवून पाहिल्या. गरिबी, बेकारी, परदेशी माणसं, त्यांच्याबद्दलची नाराजी, सगळं दोन्हीकडे. फरक सापडला तो वस्तीच्या पुढारपणात. जिथे वस्तीवर हुकमत कुणाची याची ओढाताण होती आणि कुणातरी म्होरक्याला ‘बघा, मी तुमच्यासाठी काहीतरी केलं’ हे दाखवायचं होतं, तिथे सभा भरल्या, माणसं गोळा झाली आणि पेटलं. जिथे वस्तीतल्या जाणत्यांनी पहिल्याच रात्री ‘इथे हे चालणार नाही’ म्हणून सांगितलं, तिथे तोच राग घरात बसून राहिला.

एप्रिल २०१५ मध्ये डर्बनला पुन्हा तेच झालं. त्याआधी काही दिवस तिथल्या झुलू समाजाच्या राजाने एका भाषणात परदेश्यांनी आपलं सामान आवरून परत जावं असं म्हटलं होतं. आपण असं काही भडकवलंच नाही, असा खुलासा त्याने नंतर केला. सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा जोहान्सबर्ग. २०२१ पासून सोवेटोत उभी राहिलेली ‘ऑपरेशन दुदुला’ नावाची संघटना तर सरकारी दवाखान्यांच्या दारात उभी राहून आजारी माणसांकडे ओळखपत्रं मागत आलीय. आणि हे सगळं किती परदेश्यांवरून? २०२२ च्या जनगणनेप्रमाणे ६ कोटी २० लाखांच्या त्या देशात बाहेर जन्मलेले सुमारे २४ लाख, म्हणजे शंभरात चार. रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर तो याच्या कित्येक पटीने आकडा सांगतो. आपलंही तेच. सिडकोत आणि सातपूरला ‘सगळे बाहेरचेच’ म्हणणाऱ्याने एकदा आपल्याच मजल्यावरच्या पाट्या वाचाव्यात: पाटील, सोनवणे, बोरसे, महाजन. जळगाव-धुळ्याची, कसमादेची (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याची), मराठवाड्याची माणसं. बोलणाराही बहुधा त्यांतलाच. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींवर लोक स्थलांतरित म्हणून मोजले गेले, त्यांतले राज्य ओलांडून आलेले जेमतेम साडेपाच कोटी. आणि त्या ४५ कोटींत मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा आहे, हेही लक्षात ठेवा.

आता आपलं नाशिक. फेब्रुवारी २००८ आठवतंय ना? मुंबईतून सुरू झालेलं परप्रांतीयविरोधी आंदोलन इथे आलं तेव्हा नाशिकरोड स्टेशनवर पोती-ट्रंका घेऊन बसलेल्यांची रांग फलाटाबाहेर आली होती. हजारो माणसं चार दिवसांत निघून गेली. ते आंदोलन करणाऱ्या मनसेला तेव्हा दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. २००९ च्या विधानसभेत त्यांचे १३ आमदार आले, त्यांपैकी तीन एकट्या नाशिक शहरातले. २०१२ मध्ये महापालिका हातात आली. २०१७ मध्ये तिथेच ४० वरून ५ नगरसेवकांवर घसरले. मला कुणा एका पक्षावर बोट ठेवायचं नाही. १९६६ मध्ये शिवसेना निघाली तेव्हा मुंबईत मद्रासी उडपीवाला आणि टायपिस्ट हाच शत्रू होता. आज त्या रागाची कुणाला आठवणही नाही, इडली-डोसा मात्र गल्लोगल्ली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गुजरातेत एका चिमुरडीवरच्या अत्याचारात बिहारी मजूर आरोपी निघाला, आणि साबरकांठापासून अहमदाबादपर्यंत हजारो हिंदी भाषकांना पळावं लागलं. तिथे बोट दुसऱ्याच पक्षाच्या आमदाराच्या संघटनेकडे दाखवलं गेलं. झेंडा कुठलाही असो, आयता पडून असलेला राग वापरून घेणारा कुणीतरी मिळाला की ठिणगी पडते.

२००८ ची एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ‘हे गेले की आपल्या पोरांना कामं मिळतील’ हे वाक्य तुमच्या सभेत नक्की येणार.

अंबडला एक छोटी फाउंड्री, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणारा कारखाना होता. त्या आठवड्यात भट्टी गार पडली, कारण मोल्डिंगचे (साचे करणारे) आणि फेटलिंगचे (ओतलेले भाग घासून साफ करणारे) सगळे कामगार गोरखपूरकडचे. ते रातोरात गेले. मालक हैराण. मला म्हणाला, तुम्ही युनियनवाले नेहमी लोकल पोरांसाठी भांडता, आणा बरं पोरं. आणली. सातपूर आयटीआय झालेली, काही नुसतीच बारावी. पहिल्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: सेफ्टी बूट, हातमोजे आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर. तिन्ही कायद्यात आहेत, काही जगावेगळं मागितलं नव्हतं. मालकाने दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी गोरखपूरला फोन लावला. ‘बंदोबस्त आहे, भाडं पाठवतो, या’ म्हणून. महिन्याभरात जुनी टोळी परत हजर, आणि आमची पोरं घरी. त्या पोरांचा राग मात्र मालकावर गेला नाही, टोळीवर गेला. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं.

त्याच टोळीतल्या एकाची पगाराची चिठ्ठी पुढे माझ्या टेबलावर आली. कागदावर २६ दिवस, आठ तास, किमान वेतन, पीएफची कपात, सगळं नीट. प्रत्यक्षात बारा तासांची ड्यूटी, हातात उचल वजा करून उरलेले पैसे, आणि बँकेचं एटीएम कार्ड ठेकेदाराच्या ड्रॉवरमध्ये. पीएफचा नंबर होता, पण त्याचा मेसेज ज्या मोबाइलवर जायचा तोही ठेकेदाराचाच. ‘स्वस्तात काम करतात’ असं आपण म्हणतो ते हेच. तो माणूस हौसेने स्वस्त झालेला नाही. त्याच्या कागदांची चावी दुसऱ्याच्या खिशात आहे, गाव दीड हजार किलोमीटर लांब आहे, आणि इथे त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. स्थानिक पोरगं दहाव्याला सुट्टी मागतं, जागरण-गोंधळाला दांडी मारतं, आणि अन्याय झाला तर चार भाऊबंद घेऊन गेटवर येतं. म्हणून मॅनेजर उघड सांगतात, ‘लोकल नको.’ हे वाक्य मी मराठी मॅनेजरांच्या तोंडून जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा दुसऱ्या कुणाच्या नाही.

म्हणून रागाचं एक कारण अगदी खरं आहे, आणि त्याला ‘द्वेष’ म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. ज्या घरातला पोरगा डिप्लोमा करून कंत्राटी हेल्पर झालाय, त्या घराला रोजगाराच्या टक्केवारीवर व्याख्यान देऊन काही होत नाही. ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना हे राज्याचं धोरण जुनं आहे, १५ वर्षांचं वास्तव्य ही त्याची व्याख्या. पण ते धोरण गेटच्या आत कायम कामगारांच्या यादीपुरतं उरतं, आणि काम तर सगळं ठेकेदारामार्फत चालतं. हरियाणाने ७५ टक्क्यांचा कायदाच केला, तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. राज्यघटनेच्या कलम १९ ने देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क दिलाय. त्याच हक्काने आपली मुलं बंगळूर-हैदराबादला आहेत. स्थानिक पोराला काम मिळवून द्यायचं असेल तर परप्रांतीयालाही ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळवून द्यावा लागतो. तो महाग झाला की लोकल आपोआप परवडायला लागतो. हे मी सभांत सांगतो तेव्हा टाळ्या पडत नाहीत, हेही खरं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा होता, त्यात प्रवासभत्ता आणि विस्थापन भत्ता ठेकेदाराने द्यायचा होता. किती जणांना मिळाला हे लेबर ऑफिसच्या कपाटांना विचारा. आता तो कायदा २०२० च्या कामगार संहितांमध्ये मुरवलाय.

भाषेबद्दलही तुमच्या पत्रात एक ओळ आहे. बँकेच्या काउंटरवर, सरकारी कार्यालयात, रुग्णालयात मराठीत सेवा मिळालीच पाहिजे, यावर मी जोरात भांडेन. पण सहा महिन्यांपूर्वी झारखंडातल्या पलामूहून आलेल्या गवंड्याला मराठी येत नाही म्हणून कानाखाली मारणं, ही भाषेची सेवा मला समजत नाही. त्याची पोरं महापालिकेच्या शाळेत मराठी माध्यमात बसतात आणि दोन वर्षांत बापाचं दुभाषं होतात. अंबड लिंक रोडला हे रोज दिसतं.

आता सगळ्यात गंभीर भाग. मारहाण सुरू झाली की ती ‘त्यांच्या’पुरती राहत नाही. २००८ च्या त्याच फेब्रुवारीत ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात काम करणारा एक माणूस बसवरच्या दगडफेकीत गेला. मराठी माणूस, कामावरून घरी चाललेला. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या ६२ पैकी २१ जण त्याच देशाचे नागरिक होते. कुणाची भाषा वेगळी वाटली, कुणी चुकीच्या गल्लीत सापडलं. २०१७ मध्ये अमेरिकेत कॅन्ससला एका बारमध्ये भारतीय इंजिनिअरला ‘माझ्या देशातून चालता हो’ म्हणत गोळी घातली गेली. मारणाऱ्याला वाटलं होतं तो इराणी आहे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून ‘बांगलादेशी’ म्हणून उचललेले बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले, ते भारतीय नागरिक निघाले आणि त्यांना परत आणावं लागलं. तेव्हा तर कागद बघायला सरकारी यंत्रणा होती. जमाव कागद बघतच नाही.

आणि रैनपाडा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, सोलापूर जिल्ह्यातले. अस्सल मराठी. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती, तिच्यावरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना जिवे मारलं. खटल्यात काही जणांना जन्मठेप झाली, पण निकालाला साडेपाच वर्षं लागली. त्या वर्षी देशभर फिरलेली जी चित्रफीत होती, मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात ती, मुळात कराचीच्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला तुकडा फिरत राहिला.

त्याच रात्री आपल्या मालेगावात काय झालं ते फार कमी लोकांना माहीत आहे. तिथेही एक भिक्षेकरी कुटुंब, सोबत दोन वर्षांचं मूल, आणि तीच अफवा. जमाव हजारावर गेला. पण एका स्थानिक माणसाने त्यांना आपल्या घरात घेऊन दार लावलं, पोलीस वेळेत आले, जमाव पोलिसांवरही उलटला तरी हटले नाहीत, आणि पाचही जण जिवंत बाहेर निघाले. दोन्ही ठिकाणी अफवा एक, मोसम एक, साधारण एकच मुलूख. मधे फक्त ते दार लावणारा माणूस आणि पोलीस पोचायला लागलेला वेळ. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला देता येणार नाही.

‘एकमेकांत मिसळलं की मनं जुळतात’ हेही तुम्हाला कुणीतरी सांगेल. अर्धं खरं आहे. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगून ठेवलंय की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत. दोघं बरोबरीच्या नात्याने भेटावे लागतात, काम एकत्र करावं लागतं, उद्दिष्ट एक लागतं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा लागतो. तुमच्या सोसायटीचा आणि त्या मजुरांचा संपर्क कुठे होतो? सकाळी फाटकावर, टँकर मागे घेताना झालेल्या बाचाबाचीत. असा संपर्क रोज झाला तर तिटकारा वाढतोच. याउलट सातपूरच्या ज्या कारखान्यांत मराठी आणि उत्तर भारतीय कामगार एकाच लाइनवर, एकाच युनियनचे सभासद होते, तिथे २००८ च्या त्या दिवसांत मराठी कामगारांनी सहकाऱ्यांना स्कूटरवर मागे बसवून खोलीपर्यंत पोचवलं. बाहेर चहाच्या टपरीवर त्यांतलेच काही जण ‘यांना हाकललंच पाहिजे’ म्हणत होते, हेही मी याच कानांनी ऐकलंय. माणूस एका तोंडाने दोन्ही बोलतो, म्हणून त्याच्या बोलण्यावरून त्याला कायमचा खलनायक ठरवू नका. तुमच्या ग्रुपवरचे लोकही असेच असणार. मेळावे, स्नेहभोजनं यांवर माझा फारसा भरवसा नाही. फोटो चांगले येतात एवढंच.

मग रविवारी काय करायचं?

आधी ते चार-पाच तरुण, कारण तिथे वेळ कमी आहे. ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे प्रत्येक जण प्रेक्षकांसाठी बोलतो. एकेकाला घरी किंवा पार्किंगमध्ये गाठा, शक्य तर वडील शेजारी असताना. त्यांना नीतीचे धडे देऊ नका, कलमं सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आहे: पाच किंवा अधिक जणांनी मिळून भाषा, जन्मस्थान, जात अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. जीव गेला नाही पण गंभीर इजा झाली तर कलम ११७(४), सात वर्षांपर्यंत. आणि बेकायदा जमावाचं कलम १९० असं आहे की जमावाच्या समान उद्देशासाठी गुन्हा झाला तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण दोषी. ‘मी नुसता मागे उभा होतो’ हे वाक्य मी आरोपींच्या आयांकडून फार ऐकलंय, कोर्टात त्याला फारशी किंमत नसते. एका गुन्ह्याने पासपोर्ट, सरकारी नोकरी, चारित्र्य पडताळणी, सगळं अडकतं. तरुण मुलांना हे लगेच कळतं.

त्यांच्यात बहुधा एकच जण पुढे असेल, बाकीचे मागून येणारे. त्याला काहीतरी काम द्या. सीसीटीव्हीचे कोटेशन आणायला सांगा, रात्रीच्या गस्तीचं वेळापत्रक करायला सांगा. पुढारीपणाची हौस त्यात भागते.

ग्रुप शनिवार संध्याकाळपासून सोमवारपर्यंत ‘फक्त अॅडमिन’वर ठेवा. सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी अॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसं म्हटलंय. म्हणून घाबरू नका, पण गाफीलही राहू नका. जन्मस्थान किंवा भाषेवरून तेढ वाढवणारा मजकूर त्याच न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये बसतो आणि तो टाकणाऱ्याला लागू होतो. असा मेसेज खोडण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

चोरीचं काय झालं? तुमच्या पत्रात सगळं आहे, गुन्हा नोंदवला का एवढंच नाही. मला दाट संशय आहे की मोटारसायकलींचा विम्यापुरता नोंदवलाय आणि फ्लॅटचा नाहीच. नसेल तर आधी तो नोंदवा. चोर साइटवरचा निघू शकतो, सोसायटीच्या जुन्या वॉचमनच्या ओळखीचा निघू शकतो, किंवा ठरलेली टोळीही असू शकते. तपास न होता पन्नास माणसांना हाकललं आणि चोऱ्या चालूच राहिल्या तर पुढचा नंबर कुणाचा लावणार? चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यावर चोर तर मोकळाच राहतो.

ठरावाबद्दल. दुसऱ्याच्या मालकीच्या प्लॉटवर कोण राहावं हे ठरवायचा अधिकार सहकारी संस्थेला नाही, तसा ठराव कागदावर आला तर तो उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाईल. त्याऐवजी विषयपत्रिकेवर ‘सुरक्षितता व शेजारील बांधकामामुळे होणारा त्रास’ असा विषय घ्या. आणि तक्रार बिल्डरकडे वळवा, कारण खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातल्या दहातल्या सात तक्रारी मजुरांच्या नाहीतच. उघड्यावर शौचाला बसतात, म्हणजे साइटवर संडास नाहीत. रात्री रस्त्यावर घोळका असतो, कारण पत्र्याच्या खोलीत उकडतं आणि दिवा एकच आहे. आपल्या बोअरवर पाणी भरतात, म्हणजे टँकर येत नाही. पूर्वी बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे आणि आता त्याच २०२० च्या संहितांप्रमाणे पाणी, संडास, तात्पुरता निवारा देणं ही मालकाची आणि ठेकेदाराची जबाबदारी आहे. लेखी पत्र द्या: ठेकेदाराचं नाव, राहणाऱ्या मजुरांची यादी, ओळखपत्रांच्या प्रती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी, रात्रीचा रखवालदार, कुंपण आणि दिवे. प्रत लेबर ऑफिसला आणि महापालिकेला. यादी मागायची ती बिल्डरकडून. तुमची पोरं दारोदार जाऊन आधार कार्डं तपासायला लागली तर ती त्या ‘ऑपरेशन दुदुला’सारखी झाली.

पोलीस ठाण्यात तुम्ही आणि अध्यक्ष, दोघंच जा, सभेच्या आधी. चोरीबद्दल बोला, आणि ‘वातावरण तापलंय, शनिवार-रविवार रात्री बीट मार्शलची फेरी ठेवा’ एवढंही सांगा. हे सांगायला लोक कचरतात, आपल्याच मुलांची चुगली केल्यासारखं वाटतं त्यांना. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये झुंडबळीच्या प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमायला आणि अशा माहितीवर आधीच हालचाल करायला सांगितलंय, तेव्हा ठाण्याने तुमचं ऐकणं त्यांच्याही सोयीचं आहे. प्रत्यक्ष काही सुरू झालं तर ११२. मोबाइलवर चित्रीकरण त्यानंतर.

एक गोष्ट बऱ्याच सोसायट्या करत नाहीत: साइटच्या मुकादमाला सभेला बोलवा. ठेकेदाराला नको, तो गोड बोलून जाईल. मुकादम तिथेच राहतो, कोण नवीन आलं, कोण दारू पितो, रात्री कोण उशिरा येतो हे त्याला माहीत असतं, आणि चोराला पाठीशी घालून पन्नास जणांचं काम घालवणं त्यालाही परवडणार नाही. त्याला हिंदीत बोलू द्या, कुणी ‘मराठीत बोल’ म्हणून ओरडला तर तुम्हीच भाषांतर करा आणि पुढे चला. त्याचा मोबाइल नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये लिहून ठेवा, तुमचा त्याला द्या.

हे एका साइटपुरतं संपणार नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांची कामं निघाली आहेत, तेव्हा बाहेरचे मजूर आणखी येतील. मे २०२० मध्ये देशातल्या अगदी पहिल्या श्रमिक रेल्वेगाड्यांपैकी दोन नाशिकरोडहून सुटल्या, एक भोपाळला, एक लखनौला. तेव्हा मुंबई-आग्रा महामार्गावर पायी जाणाऱ्यांना याच शहराने पोळ्या वाटल्या होत्या. आणि महिन्या-दीड महिन्याने याच अंबड-सातपूरचे कारखानदार त्यांना परत आणायला गाड्या ठरवत होते.

पत्राचा मसुदा करून मला पाठवा, शनिवार दुपारपर्यंत वाचून देतो. त्यात दोन्ही चोऱ्यांचे गुन्हा क्रमांक आणि तारखा घाला, आणि ‘परप्रांतीय’ हा शब्द कुठे आला असेल तर तिथे ठेकेदाराच्या फर्मचं नाव टाका.